फौजदारताईची गाठ

शिबिराला आलेली नववी-दहावीची पोरं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की फौजदारताई. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण बसलं अगदी चपखल. शाळाशाळांतली मुलं इथे खडक चढायला, तळ्यात होडी वल्हवायला, नकाशा वाचत जंगलातून वाट काढायला येत. त्यातला खडक ताईकडे. दोर, हेल्मेट आणि कमरेचे पट्टे ठेवायची खोलीही तिच्याकडेच, आणि त्या खोलीची किल्ली सदैव तिच्या गळ्यात.

तिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. मदतनीसांनी बांधलेली प्रत्येक गाठ ती सोडायची आणि स्वतःच्या हाताने पुन्हा मारायची. घरी धाकटी बहीण कावायची, "अगं ताई, मी गॅस बंद केला म्हटलं तरी तू उठून बघतेस. उद्या मी झोपेत श्वास घेते का तेही बघशील."

"बघतेच," ताई म्हणायची.

ते उगाच नव्हतं. तरुणपणी दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर विसंबून ती खडकावरून पडली होती आणि गुडघा कायमचा दुखरा झाला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही बाई साधं पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

चढण्याआधी जोडीदाराने जोडीदाराची गाठ हात लावून तपासायची, हा तिथला नियम. पोरांना तो सांगून सांगून ताईचा घसा बसायचा. तिची स्वतःची गाठ मात्र कुणी तपासत नसे. एकदा एका मदतनीसाने हात पुढे केला, तर "मी काही कालची पोर नाही" म्हणत तिने तो झटकला. तेव्हापासून कुणाची छाती झाली नाही.

अशात नवा प्रशिक्षक आला. अंगाने काटक, बोलायला गोड, आणि नजर सारखी ताईच्या हातांवर. ती दोर गुंडाळत असली की हा दारात उभा. विचारलं तर म्हणे, "सहज, शिकतोय." ताईच्या मनात पाल चुकचुकली. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. आपला गुडघा बघून शिबिराच्या मॅडमनी आपल्या जागी माणूस आणलाय, हे तिने ठरवूनच टाकलं. खडक गेला तर तिला उरणार काय? खोली झाडायची आणि पोरांची हेल्मेटं पुसायची? 

त्या सकाळी नवी तुकडी आली. कसं चढायचं ते ताई दाखवणार होती आणि खालून दोर धरायला नेमका तोच उभा. ती कमरेला दोर बांधत होती, पण डोळे त्याच्या हातांवर. दोर नीट धरलाय का? तो हसला कशाला? मॅडमच्या खिडकीकडे का बघतोय?

"ताई, गाठ बघू का?" त्याने विचारलं.

"तू तुझं बघ," म्हणत तिने जाकीट खाली ओढलं आणि ती चढली.

वर पोचल्यावर दोन्ही हात सोडून मागे दोरावर बसायचं, हा तिचा हातखंडा. पोरं श्वास रोखून बघत आणि मग टाळ्या पडत. तिने एक हात वर केला, तसं जाकीटही वर सरकलं. तेवढ्यात खालून तो ओरडला, "ताई, बसू नका! खडक धरा!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांसमोर हसं करायला निघालाय मेला! मुद्दाम बसूनच दाखवते, म्हणून तिने दुसरा हात सैल केला, आणि कोण जाणे का, कमरेकडे बघितलं.

दोराचं टोक पट्ट्यातून नुसतं ओवलेलं होतं. परत गाठीतून फिरवलंच नव्हतं.

 एका हाताने खडकाला चिकटून, दुसऱ्या हाताने तिने कशीबशी गाठ पुरी केली. त्याने तिला हळूहळू खाली घेतलं. टाळ्या पडल्या नाहीत.

"मॅडमनी तुला माझ्यावर नजर ठेवायला आणलंय ना?" तिने हळूच विचारलं.

"हो," तो म्हणाला. "ताई कुणाला गाठ बघू देत नाहीत, म्हणाल्या. लक्ष ठेव."

म्हणजे संशय खरा होता. त्याचं तिला काडीचं समाधान वाटलं नाही. ती पोरांकडे वळली. "माझी गाठ अर्धी आहे, हे कुणाला दिसलं होतं?"

 मग अगदी पुढे उभ्या असलेल्या मुलीने हात वर केला. तिचे डोळे भरले होते.

"मला दिसली होती, ताई. तुम्ही बांधत होता तेव्हाच." ती म्हणाली, "पण तुम्ही ओरडाल म्हणून मी गप्प बसले."