देव्हाऱ्यातला येशू

थळच्या कोळीवाड्यात केसरबाईंशी कधी कुणी भांडलं नाही, आणि त्यांना खुपायचं ते हेच. मिशनच्या दवाखान्यात शिकून आलेली ही ख्रिस्ती सुईण प्रत्येक घरी न लाजता सांगायची, "येशूनं आपल्या पापांसाठी प्राण दिला. तारणारा तोच, दुसरा कुणी नाही." बायका माना डोलवायच्या, "व्हय बाय, तुमचा देव बी मोठा हाय." भागुबाईंनी तर कॅलेंडरवरचा येशू कापून देव्हाऱ्यात एकवीरेशेजारी मांडला होता. रोज कुंकू लावायच्या. जो कुणी नाकारतच नाही, त्याला समजवायचं तरी कसं?

चौपन्न साली भागुबाईंची सून शकू बाळंत झाली. आधीची दोन मुलं गेलेली, आणि हे तिसरं पायाळू. केसरबाईंनी ते जिवंत बाहेर काढलं, तेव्हा भागुबाईंनी त्यांचे पायच धरले.

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली. पाट्याशेजारी कोरा कागद आणि लेखणी. देवी येऊन बाळाचं नशीब लिहिणार. त्या घरची रीत अशी, की नाळ कापणारीनं दिवा लावून पहिला नमस्कार करायचा.

"मी नाही करणार, भागुबाई."

"नुसते हात जोडा. मनात येशूचं नाव घ्या की! कोनाला कलतंय?"

"मला कळतंय ना."

अलिबागच्या ख्रिस्ती मंडळीतले दयाराम मास्तरही रविवारी हेच सुचवून गेले होते, "जरा नमतं घ्या, बाई. उद्या कुणी दारात उभं करणार नाही." केसरबाई तडकल्या होत्या, "रविवारी एक आणि सोमवारी दुसरं, मला नाही जमत, मास्तर."

भागुबाईंचा चेहरा उतरला. "दोन गेली माझी. ह्याला काय झालं तर?"

"त्याचं आयुष्य देवाच्या हातात आहे. कागदावर नाही."

तेव्हा भागुबाई पहिल्यांदा चिडल्या. देव्हाऱ्यातला येशू उचलून त्यांनी केसरबाईंच्या पिशवीत कोंबला. "ह्यो घेऊन जा तुमचा!"

इतकी वर्षं केसरबाईंना जे हवं होतं, ते झालं, कुणीतरी भांडलं. आणि हे असं! घरी येऊन त्या चित्रावरचं कुंकू पुसत बसल्या. पुसलं जाईना. रडूही येईना, नुसता संताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालायला त्या नेहमीच्या वेळी गेल्या. दार बंद. आत पोर टाहो फोडत होतं. त्या पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं भागुबाईंनी दार उघडलं, बाळ त्यांच्या हातात दिलं.

"आंघोल घाला. येशूचं काय बोलू नका."

केसरबाईंनी पाय पसरून बाळाला त्यावर घेतलं, कोमट पाणी ओतलं. "बोलणार. हात का नाही जोडले, ते तुम्ही एकदा तरी विचारा."

"पानी निवतंय," भागुबाई पाठ फिरवून म्हणाल्या.

केसरबाईंनी दुसरा तांब्या भरला आणि बोलायला सुरुवात केली.