शेतातली छावणी आणि वाकड्या शिंगाचा बैल

बाबा चेन्नईला माझ्याकडे एकदाच आले. येताना त्यांनी एक फोटो आणला होता. शेतात तंबूंची रांग, लांब दोन विमानं, आणि पुढे अर्ध्या चड्डीत ताठ उभे आमचे आजोबा. महायुद्धाच्या काळात ते मद्रासजवळच्या हवाई छावणीत कारकून होते. फोटोच्या मागे त्यांच्याच अक्षरात गावाचं नाव.

"इथे जाऊन येऊ या का गं?" बाबांनी विचारलं.

माझ्या बँकेत वर्षअखेरीची धांदल होती. "पुढच्या खेपेला," म्हणत मी त्यांना टी. नगरला खरेदीला नेलं. पुढची खेप झालीच नाही. यंदा बाबा गेले आणि फोटो माझ्याकडे आला.

गेल्या रविवारी एकटीच निघाले. तुम्हीही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. टी. नगरहून कांचीपुरमकडे जाणारी बस घेतली. इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यातली माणसं उतरली आणि बस जवळजवळ रिकामी झाली. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली, कुणी हटकलं नाही. श्रीपेरुंबुदूरला उतरून गरम पोंगल आणि कॉफी घेतली. पुढे रिक्षाच करावी लागते. जाऊन-येऊन भाडं आधीच ठरवा.

"अक्का, तिकडे धड देऊळसुद्धा नाही. काय बघणार?" रिक्षावाल्याने विचारलं.

"जुना विमानतळ."

तो हसला. "तिथे आता भात वाळत घालतात."

खरंच होतं. शेतांच्या मधोमध तडकलेल्या काँक्रीटचा लांबलचक पट्टा आणि त्यावर पसरलेलं भात. पट्ट्यावर सावली कुठेच नाही, टोपी आणि पाणी न्याच. एक बाई पायाने भात सारखं करत होती. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी फोटो दाखवला, तशी ती मला कडुनिंबाखाली बाजेवर बसलेल्या सासऱ्यांकडे घेऊन गेली. मुनुसामी अय्या, नव्वदीच्या घरातले.

"हे माझे आजोबा," मी बोट ठेवून सांगितलं. अय्यांनी तिकडे पाहिलंही नाही. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ते त्यातल्या मागच्या विहिरीकडे बघत राहिले.

"हा बैल आमचा," ते म्हणाले. "डावं शिंग खाली वळलेलं. आणि मोट हाकतोय तो माझा अप्पा, माझा बाप."

मी वाकून पाहिलं. विहिरीपाशी एक पाठमोरा माणूस होता. आमच्या घरात इतकी वर्षं हा फोटो हाताळला गेला, पण त्याच्याकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"भुईमूग जमिनीतच होता," अय्या सांगू लागले. "कागद आला, आठ दिवसांत जमीन सोडा. मग आमच्याच विहिरीचं पाणी छावणीला काढून द्यायला अप्पाला मजुरीवर ठेवलं."

"जमीन परत मिळाली?"

"मिळाली की." त्यांनी काँक्रीटकडे हात केला. "ही."

तो कागद आजोबांच्या टेबलावरून गेला असेल का? मला माहीत नाही. बाबा असते तर त्यांना काहीतरी बोलायला सुचलं असतं. ते कुणाशीही बोलू शकत. सुनेने ताक आणून दिलं.

"अप्पांचा दुसरा फोटो आहे तुमच्याकडे?" मी विचारलं. सुनेने मान हलवली. नाही.

निघताना अय्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे झाला नाही.

"राहू द्या अय्या, तुमच्याकडेच."

बोलून तर गेले. बाबांनी जपून माझ्यापर्यंत आणलेली तेवढी एकच वस्तू होती. "एक मिनिट," म्हणत मोबाइल काढला. अय्यांनी फोटो हातातून सोडला नाही, तसाच धरून ठेवला आणि मी टिपला.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. घरी पोचल्यावर हे कुणाला सांगावं याचा विचार करत बराच वेळ चपलाही न काढता बसले. ज्यांना सांगायचं होतं ते एकच होते. सोमवारी बँकेत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काल काय केलंस?" मी म्हटलं, "जरा बाहेर गेले होते."

आता माझ्याकडे मोबाइलमधला फोटो आहे. त्यात विहीर, बैल, पाठमोरा माणूस सगळं स्वच्छ दिसतं. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र अय्यांचा अंगठा आला आहे.