रान झुंबरबाईचं, देवाचं नव्हे

झुंबरबाईने रान विकत घेतलं तेव्हा त्यात सावली देईल असं एकही झाड उभं नव्हतं. डोंगराच्या अंगाला एक उतार, त्यावर गुडघाभर उंचीचे बुंधे आणि मधूनमधून कोळशाच्या भट्ट्यांचे काळे गोल डाग, एवढंच होतं. लोणावळ्याचे कोळशाचे व्यापारी नूरमहंमदशेठ यांनी सगळी झाडं तोडून, भट्टीत भाजून, पोत्यांत भरून कान्हे स्टेशनातून कधीच रवाना केली होती. उरलेला उतार कुणी फुकट घेईल असंही त्यांना वाटत नव्हतं.

त्या साली आंदर मावळातल्या बऱ्याच जणांची भातखाचरं धरणाच्या तळ्याखाली गेली होती. झुंबरबाईचंही गेलं. नवरा कोंडाजी मानमोडीच्या साथीत वारलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे भरपाई तिच्या हातात पडली. दीर हौशीरामने गृहीत धरलं होतं की वहिनी ते पैसे त्याच्याकडे देईल, तो खालच्या अंगाला खाचर घेईल, आणि वहिनी पूर्वीसारखी त्याच्या घरात भाकरी थापेल. तिने मात्र पदर खोचला, लोणावळ्याची वाट धरली आणि थेट शेठच्या वखारीत जाऊन उभी राहिली.

नूरमहंमदशेठ सरळ माणूस. त्यांनी तिला बसायला पोतं टाकलं आणि समजावलं की बाई, फसशील, त्यात आता काही राहिलेलं नाही.

"वरचं तुमी नेलं, शेठ," ती म्हणाली. "खालचं तितंच हाय."

तिचं म्हणणं खरं होतं. बी पडून उगवलेल्या रोपाची पहिली वर्षं मुळं धरण्यातच जातात. तोडलेल्या ऐनाला, किंजळीला, जांभळाला मूळ आयतं असतं. आधी आख्खं झाड पोसणारं ते मूळ मग चार कोवळ्या धुमाऱ्यांना सारं बळ देतं. गुरांमागे हिंडताना झुंबरबाईने बुंध्यांच्या कडेने फुटलेली तांबूस पानं पाहिली होती. बाकीच्यांनीही ती पाहिली होती, पण ती शेळ्यांचा चारा म्हणून.

गावाने तिला वेडी ठरवलं. हौशीराम पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "वैनी आता डोंगर शिजवून खानार." ती तेव्हा पाणी घेऊन चालली होती. हंडा न उतरवता ती म्हणाली की शिजला की तुमच्याकडं वाटीभर पाठवते, भावजी. त्याच आठवड्यात तिने दिराचं घर सोडलं आणि रानाच्या पायथ्याशी कुडाची खोप बांधली.

पुढची वर्षं भांडणातच गेली. प्रत्येक बुंध्याला धुमाऱ्यांचा झुबका फुटला. तिने त्यातले जमिनीलगतचे दोन जोमदार ठेवले आणि बाकीचे काढून टाकले, कारण बुंध्याच्या माथ्यावर फुटलेला धुमारा वाऱ्याने उखडतो. बायका हसल्या, विकत घेतलेलं स्वतःच कापते म्हणाल्या. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून तिने कडेची करवंदीची जाळी दाट केली. शिमग्याच्या आत वरच्या अंगाचं गवत खरवडून लांबलचक पट्टा उघडा करायचा, म्हणजे डोंगरावरचा वणवा तिथे येऊन थांबायचा. एके वर्षी तो थांबला नाही. ओल्या डहाळ्यांनी झोडपून तिने एकटीने तो विझवला. डावा हात कोपरापर्यंत भाजला. गावातलं कुणी आलं नाही, आणि तिनेही कुणाला हाक मारली नव्हती.

सगळ्यात मोठं भांडण राबाचं. मावळात भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. डहाळ्या, पाला, शेण पसरून पेटवून द्यायचं, तण मरतं, राख मिळते. हाच राब. त्यासाठी माणसं झाडावर चढून ते इतकं छाटतात की शेवटी नुसता खराटा उभा राहतो. झुंबरबाईने नेम घातला होता की खालच्या डहाळ्या न्या, शेंड्याला हात लावू नका. हौशीराम एकदा नेम मोडून वर चढला. तो खाली उतरला तेव्हा बुंध्याला टेकवून ठेवलेला त्याचा दुसरा कोयता जागेवर नव्हता. तो झुंबरबाईच्या दारावर टांगलेला होता, आणि वर्षभर तिथेच राहिला.

शेजारची विठाबाई तिची एकुलती एक मैत्रीण. ती एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, "अगं, रोज कुणाकुणाशी भांडशील? एक दगड मांड मोठ्या ऐनाखाली. शेंदूर फास. काडी उचलायची कुनाची छाती व्हायची न्हाई."

झुंबरबाई करवंदीची फांदी जाळीत खुपसत होती. ती थांबली.

"मंग ते देवाचं व्हईल," ती म्हणाली. "देवाचं म्हंजे पंचांचं. पंचांत बाई बसती का? माझं रान माझ्याच हातानं दिऊन टाकू व्हय? भांडते ते बरं हाय."

विठाबाईने ही गोष्ट भोळेपणाने पाणवठ्यावर सांगितली. तिथून ती हौशीरामच्या कानी गेली आणि तिथेच राहिली.

मग लढाई आली. देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहू लागले, पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या टाक्या लागल्या. चुलीपुरतं विकलं जाणारं लाकूड एकदम सोन्यासारखं झालं. एक कंत्राटदार मावळात हिंडत हिंडत गावात आला, आणि सगळे डोंगर बोडके असताना हा एकच उतार हिरवागार बघून पाटलाच्या ओसरीवर बसला. वीस वर्षांत तिथे हत्तीच्या पायाएवढे ऐन झाले होते. झुंबरबाईने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहाही पाजला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, भल्या सकाळी, सबंध गाव तिच्या रानात दिसलं. मोठ्या ऐनाखाली एक लांबट, गोल दगड उभा होता. शेंदूर ताजा, पुढे फुटलेला नारळ. पाटील रखमाजी हात जोडून उभे होते. शेजारी हौशीराम, त्याची नजर जमिनीवर. कंत्राटदार जरा लांब, टोपी हातात धरून.

पाटलांनी गंभीर आवाजात सांगितलं की देव प्रकटला आहे. आता ही देवराई. हिची व्यवस्था पंच बघतील. देवाला देऊळ बांधायचं, त्यासाठी वाळकं आणि वाकडं लाकूड तेवढं काढायचं, आणि ते काम या भल्या गृहस्थांना सांगितलं आहे. वाकडं कोणतं हे कोण ठरवणार, ते कुणी विचारलं नाही. माणसं झुंबरबाईकडे बघत होती. आता ती देवाशी कशी भांडते, हे बघायलाच बरेचसे आले होते.

झुंबरबाई दगडाजवळ बसली. वाकून नमस्कार केला. डोकं वर करताना तिला दगडाच्या एका टोकाचा टवका दिसला. शेंदूर तिथे नीट बसला नव्हता. त्या टवक्याकडे बघत ती बसून राहिली. मग उठली, पदर सारखा केला.

"पाटील, ह्यो देव हाय, असं सगळ्यांचं म्हननं हाय ना?"

पाटलांनी मान हलवली. मागून दहाजणांनी हलवली.

"भावजी, तुमचंबी?"

हौशीराम घशातल्या घशात व्हय म्हणाला.

"मंग देवाला असा उघड्यावर ठिवायचा न्हाई. घरी न्यायचा."

तिने खोपीतून पाटी आणली. तीत तांदूळ पसरले, दगड दोन्ही हातांनी उचलून अलगद आडवा ठेवला, डोक्यावर चुंबळ घेतली आणि पाटी चढवली. हलगीवाल्या नथूला म्हणाली, वाजव, देव चाललाय. नथूने पाटलांकडे पाहिलं. देव चालला असताना वाजवू नको असं पाटलांना म्हणता येईना. हलगी वाजू लागली, तशी पोरं नाचू लागली, आणि सगळं गाव झुंबरबाईच्या मागून उतार उतरलं.

वाट देवळाकडे वळायची तिथे ती वळली नाही. सरळ हौशीरामच्या दारात जाऊन थांबली. तिची जाऊ सरूबाई हलगी ऐकून तांब्या घेऊन बाहेर आली. देव आलाय म्हटल्यावर तिने झुंबरबाईच्या पायांवर पाणी ओतलं, पाटी खाली घ्यायला हात लावला, आणि आत बघून तिचा चेहराच बदलला.

"आगं बया," ती म्हणाली. "ह्यो तर आपला फुटका वरवंटा. दाराला लावलेला. कालपास्नं हुडकतीया मी, वाऱ्यानं दार निस्तं आपटतंय."

हलगी थांबली. तेवढ्यात आतलं दार खरंच आपटलं.

आधी पोरं हसली, मग बायका, मग ज्यांनी मान हलवली होती ते दहाजण. हौशीराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाटलांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, देव कोणत्याही दगडात येऊ शकतो, त्यात हसण्यासारखं काय आहे.

"येतो की," झुंबरबाई म्हणाली. "म्हनून तर त्याच्या घरी आनला. ह्याच्यावर मी लय वर्सं मिरच्या वाटल्यात, ह्यो टवका माझ्याच हातून पडलाय. आमची जुनी वळख हाय. देव हितं सुखात ऱ्हाऊ दे. माझ्या रानात येऊन कंत्राटदाराची चाकरी करायची त्याला गरज न्हाई. रानाला मालक हाय, पाटील. मालकीन म्हना."

कंत्राटदाराने टोपी घातली आणि संध्याकाळच्या आत गाव सोडलं. त्या वरवंट्याचं काय करावं हे मात्र सरूबाईला कधीच कळलं नाही. शेंदूर लागलेला दगड दाराला लावता येईना आणि टाकवेनाही. तो देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात राहिला, आणि हौशीरामचं दार आपटत राहिलं.

आता बाई झाडावर कुणाची सावलीही पडू देणार नाही, असं गावाने गृहीत धरलं होतं. पण थंडी पडली तशी झुंबरबाईने स्वतःच कुऱ्हाडीला धार लावली आणि रानाचा एक कोपरा तोडायला काढला. जमिनीलगत, तिरपा घाव, म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही, तो कुजत नाही आणि पुन्हा फुटतो. विठाबाई धावत आली. एवढं सगळ्यांना तोंड दिलंस ते हे तोडायलाच का, असं तिने विचारलं.

"देवाचं असतं तर तोडता आलं नसतं," झुंबरबाई म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

लाकूड बघायला नूरमहंमदशेठ काठी टेकत टेकत आले. आपण मोकळा करून गेलो तो उतार हाच का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ एका ऐनाला हात लावून उभे राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, एक भट्टी लावू का, बाई?

तिने पायाने पाचोळा बाजूला केला. खाली त्यांच्याच जुन्या भट्टीचा काळा गोल डाग होता.

"ह्याच्यावरच लावा," ती म्हणाली. "नवा डाग पाडू नगा."