दौलतची दोरी

सकाळी सात वाजता दाराशी सायकल टेकवल्याचा आवाज आला. नागपूरच्या मनीषनगरात माझ्या बहिणीच्या घराभोवती अजून नुसते प्लॉट आहेत आणि पावसाळ्यात रस्त्याला असा चिखल होतो, की दूधवालासुद्धा कुरकुरत येतो. दार उघडून पाहते तर काकाजी, आमचे जुने घरमालक. वय सत्तरीच्या पुढं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. पार जुन्या शहरातून सायकल हाणत आले होते. मी 'आत या' म्हणायच्या आधीच म्हणाले, "ताई, आपला दौलत गेला." पहाटे उठला, चहा मागितला, चहा येईपर्यंत भिंतीला टेकून बसला आणि बसलेलाच राहिला... मी काकाजींना टॉवेल दिला, चहा टाकला, साखर दोनदा घातली. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते भलतंच. हा माणूस दौलतला 'आपला' म्हणाला! याच माणसानं एकदा माझ्या हातात घर खाली करण्याची नोटीस ठेवून म्हटलं होतं, "तुमच्या त्या लोकायचं काय ते पाहून घ्या."

वर्तमानपत्रात ज्यांच्यावर लेख येतात, त्यांतला दौलत नव्हता. त्याला सही करता येत नव्हती आणि वारांची नावं त्याच्या डोक्यात कधी ओळीनं बसली नाहीत. उमरेडच्या विणकराच्या घरचा. बाप हातमागावर बसायचा आणि दौलत शेजारी बसून कांड्या भरायचा. सूत त्याच्या हाताला ओळखायचं. बाप गेला, माग विकला गेला, थोरला भाऊ नागपुरात आला आणि हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागला. भाऊ वाईट नव्हता हो. पण तो कामावर, वहिनी लेकराबाळांत, आणि तिशीतला हा थोराड माणूस उघड्या दारातून निघून जाईल ही धास्ती. म्हणून बाहेरून कडी. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी लागायची, ती संध्याकाळी निघायची. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी शाळेतली नोकरी सोडून अशा आठ मोठ्या माणसांसाठी काकाजींचं जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. लोक त्यांना सरळ 'वेडे' म्हणायचे, शिकलेले लोक 'मतिमंद' म्हणायचे. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारायचो. दौलत आला तेव्हा त्याच्याकडं एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत बापानं करून दिलेला चाकांचा लाकडी नंदी. पहिल्या दिवशी त्यानं घरभर फिरून सगळ्या दारांच्या कड्या पाहिल्या. कुठली कडी कुठल्या बाजूला आहे, एवढंच.

नागपूरबाहेरच्या वाचकांना तान्हा पोळा सांगायला हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. घरची बाई नंदीचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ, नाहीतर एखादं नाणं. आमच्या पहिल्या वर्षी दौलत आणि इंदू, आमच्यातली सगळ्यात बोलकी, बत्ताशांनी भरलेलं ताट घेऊन फाटकात बसले. पोरं येतील, त्यांना बोजारा द्यायचा. गल्लीतून नंदी जात होते, चाकं वाजत होती. आमच्या फाटकापाशी आले की पोरांच्या आया त्यांचा दंड धरून पलीकडच्या बाजूनं न्यायच्या. एकही पोर आलं नाही. दौलत दिवेलागणीपर्यंत बसून होता. ताटावरच्या माश्या हाकलत होता. मी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "येऊन राहिले ना ताई."

पुढच्या वर्षभरात मोहल्ल्यानं काकाजींकडं अर्ज दिला. लेकरांना भीती वाटते, यांना हलवा. काकाजींनी मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. घर गेलं असतं तर आठही जण जिथून आले तिथं परत गेले असते, म्हणजे दौलत त्या कडीच्या आत. हे मला रात्रंदिवस दिसत होतं, आणि तरी मी काय केलं? लोकांच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून मी फाटकाला कुलूप लावलं. गणपती पाहायला जायचं नाही, भजनाला जायचं नाही, मारबतीची, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायच्या पुतळ्याची, मिरवणूक रस्त्यावरून जाईल तेव्हा खिडक्या बंद. सगळ्यांचं भलं मलाच कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत. स्वयंपाकाला येणाऱ्या सखूबाई मात्र माझ्याहून वयानं आणि अकलेनं मोठ्या. छप्पन्न साली सासूचा हात धरून, पोटुशी असताना, दीक्षेला उभ्या राहिलेल्या. त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "काहून कोंडून ठेवता वं ताई यायले? लोकायच्या नजरेले भिऊन आमी घरात बसलो असतो तं आज कुठं असतो?" मी म्हटलं, तुम्ही पोळ्या करा. असं बोलले मी त्यांना. आज लिहितानाही लाज वाटते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी दुसरं घर पाहायला सदर भागात गेले होते. घर कसलं, एका बंगल्यामागच्या तीन खोल्या होत्या. मालकानं माणसं कसली आहेत हे ऐकलं आणि पंखा बंद करून उठलाच. चार वाजता परत आले, तर फाटक सताड उघडं. कुलूप कडीला लोंबत होतं, सखूबाईंकडची किल्ली त्यातच. आत कोणी नाही. आठ माणसं नाहीत, सखूबाई नाहीत. एक चप्पल कुठं राहिली कळलं नाही, पदर कमरेला खोचून मी गल्लोगल्ली पळत सुटले. भेटेल त्याला विचारत होते, आमची माणसं पाहिलीत का हो? तिसऱ्या गल्लीत दिसली.

नंदी एकच आणि माणसं आठ. सगळ्यांनाच ओढायचा होता, म्हणून दौलतनं टाकाऊ सुताची एक लांबच लांब दोरी वळली होती. महिनाभर माझ्या नाकाखाली बसून वळत होता, आणि मी समजत होते की त्याचा विरंगुळा चाललाय. त्या दोरीला हातभर अंतरानं आठ गाठी, प्रत्येकाला धरायला एक. पुढं दौलत, कडेवर घेतल्यासारखं बत्ताशांचं ताट. मागं ओळीनं सात जण, आपापली गाठ मुठीत घट्ट. इंदूच्या केसांत झेंडू. सगळ्यात मागं नंदी, पाठीवर धोतराच्या रेशीमकाठाच्या चिंध्यांची झूल, आणि बाजूनं सखूबाई. एका दारात बाई पाण्याचा तांब्या घेऊन गोंधळून उभी, कारण दौलत बोजारा मागत नव्हता, तिच्याच हातावर बत्तासा ठेवत होता. "घ्या. बोजारा." घरोघर हेच केलं त्यानं. रीतच उलटी. कोणी हसलं, कोणी घेतला. एकीनं दार लावून घेतलं, तर त्यानं तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि पुढं निघाला.

मी जाऊन दोरी धरली आणि भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवतं, पण लिहीत नाही. शेवटी म्हटलं, चला घरी, मुकाट्यानं. तो कधी माझा शब्द मोडत नसे. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं, माझ्या एका चपलेकडं पाहिलं, आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "ताई हरपली होती. सापडली." मग मला म्हणाला, "अजून दोन घरं राहिले."

त्यातलं पहिलं काकाजींचं. ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी मागं, तोंड लपवायला जागा नाही. दौलतनं त्यांच्या हातावर बत्तासा ठेवला. काकाजींनी चष्मा वर केला. "अरे बाबू, बोजारा आमी देत असतो. तू घ्याचा असतो गा."

"तुमी आले नाही ना," दौलत म्हणाला.

"कुठं?"

"आमच्या घरी. कोणीच नाही आलं. आमी ताट घेऊन बसलो होतो." ताट दाखवून म्हणाला, "म्हून घेऊन आलो."

आतून काकू तांब्या घेऊन आल्या, खाली बसून त्यांनी नंदीची चारही चाकं धुतली, कुंकू लावलं आणि आठही जणांच्या हातांवर करंज्या ठेवल्या. शेवटची माझ्या हातावर. काकाजी तो बत्तासा मुठीत धरून बसले होते. घामानं विरघळला असणार. दसरा आला आणि गेला. नोटिशीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. अर्जावर सही करणाऱ्या दोघांनी मात्र माझ्याशी कधीच बोलणं ठेवलं नाही. सगळेच विरघळतात असं नाही. फाटकाचं कुलूप मी काढून सखूबाईंना दिलं, त्यांनी ते त्यांच्या कोळशाच्या पेटीला लावलं.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं आम्ही त्या दोरीनं शहर पाहिलं. गणपती, रामनवमीची शोभायात्रा, दीक्षाभूमीवरचा सोहळा. तिथं सखूबाईंच्या वस्तीच्या पाणपोईवर आमची माणसं दिवसभर पाणी द्यायची आणि इंदू प्रत्येकाला 'जय भीम' करून पेला पुढं करायची. मारबतीच्या मिरवणुकीत सगळा रस्ता 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचा. एका वर्षी दौलतनं आपली भर घातली, "ताईचा राग घेऊन जा गे मारबत!" आसपासच्या पन्नास जणांनी ती ओरड उचलली, त्यात काकाजी सगळ्यात पुढं. मारबतीनं काही तो नेला नाही. मी दोरी कधी धरली नाही. मी बाजूनं चालायची, छत्री घेऊन, आठ मोजत. आणि तान्ह्या पोळ्याला आमच्या मोहल्ल्यात रीतच पडली. आमचा नंदी दारी आला की आधी घरच्यांनी हात पुढं करायचा, बत्तासा घ्यायचा, मग पाय धुवायचे. नवी सून आली की तिला हे सांगावं लागायचं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी काम नव्या बाईंच्या हाती सोपवून इकडं बहिणीकडं आले. दौलतची शेवटची भेट झाली ती मृगात. भिंतीला टेकून तो नवी दोरी वळत होता. जुनी विरली होती. त्याच्या पायाला सूज होती आणि दम लागत होता, पण बोटं तशीच. निघताना म्हणाला, "पोळ्याले येजा, ताई." मी म्हटलं, पाहू, गुडघे काय म्हणतात ते. 'येते' म्हणायला माझं काय जात होतं?... तेवढं एक वाक्य मी त्याला दिलं नाही.

म्हणून या वर्षी गेले. सखूबाई आता थकल्यात, पण फाटकात उभ्या होत्या. दौलतच्या जागेच्या वर, खुंटीला, नवी दोरी टांगलेली. इंदूनं ती उतरवली. सात जण ओळीनं उभे राहिले. पहिल्या गाठीला कोणी हात लावला नाही, कोणी तसं सांगितलंही नव्हतं. नंदीला झूल कोण घालणार, ताट कोण घेणार, यावर थोडी भांडणं झाली, ती इंदूनं मिटवली आणि ताट स्वतः घेतलं. मी सवयीनं छत्री घेऊन बाजूला उभी राहिले. तेव्हा इंदू म्हणाली, "ताई, तुमी मागं या. ती तुमची."

मी पाहिलं. दोरीला नऊ गाठी होत्या.

"मी चालते बाजूनं," मी म्हटलं, "नेहमीसारखी."

"नाही," इंदू म्हणाली. "दौलतभाऊनं सांगतलं. ताई बाजूनं चालते, म्हून हरपते."

इतकी वर्षं मी आठ मोजत होते, तो नऊ मोजत होता. मी छत्री मिटून सखूबाईंच्या हाती दिली आणि माझी गाठ धरली. चांगली मोठी, घट्ट वळलेली होती, म्हाताऱ्या हाताला सापडेल अशी. पुढं पहिली गाठ मोकळीच हलत होती. काकाजींच्या दारी पोहोचलो तेव्हा ते ओसरीवरून लगबगीनं उतरले, आणि आम्ही थांबायच्या आधीच त्यांनी हात पुढं केला.