चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

चिंचेने घासलेल्या समईचा वास आला की बेहाला उपनगरातलं काकांचं घर आठवतं. त्यांच्या परवान्याच्या रायफलीचं काडतूस कुठेच विकत मिळत नसे. दुसऱ्या मापाच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांना साच्यांत आकार देऊन हवं ते काडतूस घडवायचं, म्हणून त्यांनी वर्षभर पुंगळ्या जमवल्या होत्या. फार वेळा झाडलेली पुंगळी नेमबाजाच्या गालाशी फुटू शकते, म्हणून तसल्यांवर मी शाईने खुणा केल्या. त्याच दुपारी काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर सगळ्याच घासल्या. "बघा, कशा लखलखतायत!" धोक्याची कुठली, हे आता कळायला मार्ग नव्हता. काका एकेक उजेडात फिरवत राहिले. मग "छान झाल्यात गं," म्हणत त्यांनी साचे कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढे काका वारले. काकू अजून त्यातल्याच एका पुंगळीत उदबत्ती खोचतात, आणि मी खुणांचं त्यांना सांगितलेलं नाही.