शर्लीचं बिऱ्हाड

मंगळवारी शर्लीला घेऊन इथे ओंटारिओत, एटोबिकोच्या सरकारी ऑफिसात हेल्थ कार्ड काढायला गेले होते. शर्ली म्हणजे आमच्या बेसमेंटमध्ये राहणारी वसईची पोर... सातवा महिना चालू आहे. नवऱ्याला शिफ्ट सोडता येईना, म्हणून मी.

बाळाची वाढ जरा कमी वाटतेय, म्हणून डॉक्टरने लगेच पुन्हा स्कॅन सांगितलाय. कार्ड नाही तर सगळा खर्च पदरचा... त्यामुळे ही बया 'कार्ड आल्यावर बघू' म्हणत स्कॅन पुढे ढकलत होती. इकडे माझा जीव टांगणीला!

कागद सगळे चोख होते. नवऱ्याचं वर्क परमिट, कंपनीचं लेटर, हिचं परमिट... मी बजावून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोल. काउंटरवरच्या बाईंनी हसून साधा प्रश्न विचारला, तुझं होम कुठंय? शर्लीने तेवढंच सांगितलं... वसई.

बाई थबकल्या. मग इथे काय? तर म्हणे, इथे होम नाही, ओन्ली बेसमेंट, रेंटचं! झालं... व्हिजिटरला कार्ड मिळत नाही, ज्यांचं घर ओंटारिओत आहे त्यांनाच मिळतं, असं बाईंनी हळुवार समजावलं. शर्लीचे डोळे भरून आले.

मी लगेच मध्ये तोंड घातलं, तर बाई म्हणाल्या, तिलाच बोलू द्या. आणि तिला तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. ती आपली माझ्याकडे बघतेय... मला कुठलं राहवतंय!

"अगं, त्या गाव नाही विचारत. बिऱ्हाड कुठंय ते विचारतायत."

शर्लीने डोळे पुसले आणि तिच्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "माय हजबंड हिअर, माय कुकर हिअर. बेबी कमिंग हिअर. व्हेअर एल्स आय विल गो?"

"देन दिस इज होम, डिअर," म्हणत बाईंनी कागद पुढे ओढले. कार्ड पोस्टाने येईल, तोवर स्कॅनला ही पावती दाखव, असंही सांगितलं.

गाडीत बसल्या बसल्या शर्लीने फोन लावून स्कॅनची वेळ घेतली. शुक्रवारची मिळाली... आणि मग पोर मोकळेपणी रडली. मी पण थोडी.

इथली सिटिझन होऊन मला इतकी वर्षं झाली, पण तो प्रश्न मला विचारला असता तर माझ्याही तोंडून आधी नागपूरच आलं असतं. पहिल्या उत्तरावर न थांबता त्या बाईंनी पुन्हा विचारलं... त्यांचं खूप खूप भलं होवो.