वाटीखालचा कागद

माझी पत्नी सुमन गेल्यापासून फडताळात सहाच्या सहा वाट्या असतात. पूर्वी जेवायला बसलो की एक तरी कमी असायचीच, कारण ती टेबलावर अळंबीवर पालथी घातलेली असे. सुमन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अळंबीच्या छत्रीखाली माशाच्या कल्ल्यांसारखे पातळ पदर असतात. छत्री कागदावर ठेवून झाकली, की काही तासांत त्या पदरांतून बीजाणूंची पूड झरून ठसा उमटतो. त्याचा रंग पाहिल्यावाचून जात ठरवता येत नाही.

“मग आमटी कशात घेऊ?” मी वैतागायचो.

“ओंजळीत घ्या. पण वाटी हलवू नका.”

काल सकाळी तिची विद्यार्थिनी केतकी आली. सुमनला पूर्वी एकदाच मिळालेली आणि नवी जात वाटलेली अळंबी केतकीला आमच्याच परसात, फणसाखाली सापडली. तोवर ती पुन्हा उगवली नव्हती, म्हणून सुमनचं टिपण फाइलीत अर्धवटच राहिलं होतं.

“काका, एक वाटी द्या ना.”

दुपारी तिने वाटी उचलली. विटकरी ठसा. सुमनचा जुना कागद शेजारी ठेवला, तर तोच रंग.

“बाईंचं काम आता पुरं होईल,” ती म्हणाली आणि दुसरी छत्री झाकून निघाली. “उद्या येते. वाटी हलवू नका हं.”

अळंबी दिवसभरात विरून जाते. ठसा राहतो, आणि तो वाचायला कुणीतरी शिकलेलं असतं. याबद्दल आभार कुणाचे मानायचे, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी फडताळात पाचच वाट्या होत्या. मी आमटी भातावरच ओतून घेतली आणि टेबलाला धक्का लागू नये म्हणून खाली जमिनीवर जेवायला बसलो.